कालवफोड्या, एक

दिवाळे कोळीवाडा, सकाळची सुकती.
जेट्टीच्या खांबांना घोट्याएवढंच पाणी.
मी वही उघडून टिलवे, तुतवार मोजत बसलेलो.
शेजारी बामीबाय कोयतीनं कालवं फोडत होती,
आणि दहा पावलांवर
तेच काम करणारा एक तिसरा:

काळी पाठ, पांढरं पोट,
चोच अशी, की गाजर सोलून खोचलंय कुणी.
रकान्यात लिहिलं, कालवफोड्या, एक.

"आमच्या हरेश्वरानं पन धारलाय यक,"
म्हणाली, आणि हात लुगड्याला पुसून
मोबाइल काढला कमरेच्या पिशवीतून.
हरेश्वर जहाजावर असतो.
केपटाउनच्या खडकावरचा फोटो:
हाच पक्षी, पण सगळाच काळा,
होडीला डांबर लावताना पिंपात पडल्यासारखा.
चोच तीच. डोळा तोच, फुंकलेल्या इंगळाचा.

मला राहवलं नाही, सांगू लागलो.
प्रजाती वेगळी, कुळ एक.
आपल्याकडचा हा लांब उत्तरेचा, थंडीपुरता येतो,
मार्च-एप्रिलात निघून जातो.
तो काळा कुठं जात नाही,
जन्म, पिल्लं, म्हातारपण, सगळं त्याच किनाऱ्यावर.

"म्हंजी चुलतभाव," ती म्हणाली,
"खानं यक, कपरं निराली."

मग दोन बोटांनी फोटो मोठा करत गेली.
पक्षी काठाबाहेर सरकला,
खडक सरकला,
खालच्या कोपऱ्यात वाळूवर पडलेली
एक लांब सावली उरली,
कोपर वर, हातात काहीतरी धरलेली.

"वालला काय रं?"

सावलीवरून काय सांगणार.
सकाळची असेल, म्हणालो,
सकाळी सगळेच लांब आणि बारीक दिसतात.

तिनं मोबाइल ठेवून दिला.
समोरचा टक टक ठोकत होता.
यांच्यातले काही शिंप ठोकून फोडतात,
काही फटीत चोच घालून हळूच उघडतात;
पिल्लू आईबापांचं बघतं, तेच उचलतं.
हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.
"यो ठोकनाराच. अंगठा फोरून घेतला व्हता,
सात वर्साचा असंल."

पाणी चढायला लागलं होतं.
तिच्या पुढ्यातल्या खडकावर अजून
मूठभर कालवं चिकटलेली.
कोयती उचलली, टोपली उचलली,
"मार्चात जायाचाय ना त्याला," म्हणाली,
आणि पलीकडच्या खडकावर जाऊन बसली.