डावी सीट

जुन्या फोकसनं एमओटीत मान टाकली
त्याच रात्री मी एक्सेल उघडलं.
एका रकान्यात कश्काई, दुसऱ्यात स्पोर्टेज,
दोन्ही पेट्रोल,
आणि खाली एकोणतीस ओळी:
मायलेज, विमा, टायरची किंमत,
बूटमध्ये सुटकेसेस किती,
गिअर बदलताना खटका बसतो का.
शेवटची ओळ ठळक अक्षरात:
एकूण समाधान, दहापैकी.

वैजयंती भांडी पुसत म्हणाली,
"खटका तुला कसा कळणार?"

खरंय.
मला गाडी येत नाही.
म्हणजे येते, पण परीक्षकांना पटत नाही.
आमच्या स्विंडनमध्ये एक चौक आहे,
एका वर्तुळाभोवती पाच धाकटी वर्तुळं,
जणू कुणी विसरून पुन्हा पुन्हा पूज्य काढत बसलंय.
तिथं मी चारदा नापास झालो.
चौथ्यांदा परीक्षकबाईंनी स्वतःच ब्रेक दाबला
आणि म्हणाल्या, जरा श्वास घ्या.

तेव्हापासून अकरा वर्षं मी डावीकडे बसतो
आणि उंटावरून शेळ्या हाकतो.
सायकल. सायकल आहे.
दिवा पिवळा झाला.
लेन! अगं, लेन!

शनिवारी शोरूममध्ये गॅरेथ नावाचा मुलगा
सगळं मलाच सांगत होता.
टॉर्क म्हणाला, मी मान हलवली.
टर्बो म्हणाला, मी हनुवटी खाजवली.
वैजयंतीनं तोवर पर्समधून डबा काढून
दाराच्या खणात बसतो का पाहिला,
हातमोजे घालून सगळी बटणं दाबली
(सहा दहाला निघायचं असतं तिला,
एक्स-रे विभाग, अंधार, काचेवर बर्फ,
चार मैल जायला, चार यायला)
आणि बूट उघडून बघत राहिली थोडा वेळ.
"ईरा आता एकाच सॅकवर येते," ती म्हणाली.
"तेही ट्रेननं."
माझ्या एकोणतीस ओळींपैकी सात
तिथंच, कार्पेटवर, गळून पडल्या.

कश्काई चालवून बघायला निघालो
तेव्हा पुढं गॅरेथ बसला. मी मागं.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
तिला मागून बघितलं गाडी चालवताना.
मानेवर, कॉलरपाशी, पिकलेले केस,
जे तिलाही आरशात दिसत नसणार.
आणि तो चौक आला.
मी ओठ घट्ट मिटले.
ती पुटपुटत होती,
"जा बाई, तू जा आधी.
हं, आता मी.
थांब रे बाळा, थांब, मोठी लॉरी आहे तुझी, कळलं."
चकली पाडावी तशी
एक वेढा, दुसरा वेढा, अलगद सुटली बाहेर.
हे बोलणं ती रोज करत असणार.
माझ्या आवाजाखाली.

मग स्पोर्टेज.
या वेळी तिनं गॅरेथला मागं पाठवलं,
मला म्हणाली, "बस पुढं."
सीट वर घेतली माझी, मग थोडी खाली,
मग पुन्हा वर,
एखाद्या पाहुण्याला पाट सरकवून द्यावा तशी.
"दिसतं का इथून?"
"काय?"
"सगळं. सायकली वगैरे."

एक्सेलमध्ये ही ओळ नव्हती.
पण दिसत होतं. लांबवर दिसत होतं,
कौन्सिलच्या ऑफिसापर्यंत.

सोमवारी, नव्या गाडीत,
तिनं मला स्टेशनवर सोडायचं म्हणून निघालो.
काचेचा बर्फ मी खरवडला, तेवढं येतं मला.
आणि मनाशी ठरवलं होतं,
आज एक अक्षर बोलायचं नाही.
एक वर्तुळ गेलं. दुसरं गेलं.
ती पुटपुटली नाही.
तिसऱ्यापाशी मान जराशी वळवून म्हणाली,
"झोपलास का?"

लेन, मी म्हणालो.
"हं," ती म्हणाली,
आणि इंडिकेटर दिला.