टेप

टेप बायकोचा. ब्लाउज शिवायचा.
पहिले दोन आकडे झिजून गेलेत,
मी तिसऱ्यापासून धरतो, मनात वजा करतो.
कधी विसरतोही.

चाकूर तालुक्यात, गुरांच्या दवाखान्यात परिचर आहे मी.
जत्रेतल्या प्रदर्शनाला दरसाल मलाच बोलावतात
कारण कुत्री मला चावत नाहीत.
मांडवाखाली पश्म्या उभ्या असतात,
कानावर रेशीम, शेपटीला झालर,
पोट असं आत गेलेलं की वारा खालून जावा.
परीक्षक खुर्चीतूनच विचारतात, नाक?
मी आकडा सांगतो.
जेवढा कमी, तेवढ्या टाळ्या.

मन्मथआप्पांचे वडील टेप वापरत नव्हते.
कुत्रं दिवसभर मेंढरांमागं सोडायचे,
आणि सांजेला हौदावर बघायचे:
पाण्याला तोंड लावण्याआधी
जे मागं वळून माणसं मोजतं, ते ठेवायचं.
बाकीची वाटून टाकायची, सोयऱ्याधायऱ्यांत.

मग कुणीतरी फोटो काढला.
फोटोत एका कुत्रीचं नाक सुईसारखं आलं
आणि सगळ्या पट्ट्यात सुईनाकाची हवा झाली.
सुईनाकाला सुईनाक,
नाही मिळालं तर बापाला लेक.
आप्पा म्हणाले, "जनावराला कुठलं आलंय नातं."

मखमल तीन वर्षं पहिली आली.
चौथ्या साली खाईना म्हणून आणली माझ्याकडं.
मी जबडा उघडला.
खालचे सुळे वरच्या टाळूत रुतलेले,
दोन खळगे, आत पिकलेले.
दातांना जागाच उरली नव्हती तोंडात.
तीन वर्षं मी तिचं नाक बाहेरून मोजलं होतं.

हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती पायमशीन न थांबवता म्हणाली,
"ब्लाउज घट्ट झाला तर मी शिवण उसवते,
गिऱ्हाइकाच्या बरगड्या न्हाई."

त्याच मखमलची पिल्लं अडली.
रात्री जीपमध्ये घालून उदगीरला नेली,
कॉलेजातल्या पोरांनी पोट फाडून सहा काढली.
चार जगली.
त्यातलं एक पांढरं. नखशिखांत पांढरं,
डोळे नीळ घातलेल्या पाण्यासारखे.
आप्पांनी फोटो टाकला,
अन् सकाळपासून फोन.
यंदा पांढऱ्याची हवा होती.

महिन्यानं मी जंताचं औषध पाजायला गेलो.
काय मनात आलं कोण जाणे,
आप्पांच्या सुनेकडून पितळी थाळी मागून घेतली
आणि पिल्लांच्या मागं उभं राहून पळीनं वाजवली,
घरात लेकरू जन्मल्यावर वाजवतात तशी.
तीन पिल्लं टोपल्यात उडाली.
गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.
पांढरं झोपलेलंच.
पुन्हा वाजवली.
त्याचं पोट हलत होतं, संथ.

"दमलंय," आप्पा म्हणाले.
मी थाळी धुऊन परत दिली.

हैदराबादचे पाहुणे गुरुवारी आले.
बाईंनी पांढऱ्याला मांडीवर घेतलं,
ड्रायव्हरनं गाडी वळवताना हॉर्न वाजवला
तरी त्याचा कान हलला नाही.
"किती शांत आहे हो!"
आप्पांनी माझ्याकडं बघितलं.
मी बॅगेत काहीतरी शोधत होतो.
साठ हजार, रोख.

मखमल नळीच्या पुलापर्यंत धावली गाडीमागं.
टाके सुकले होते पण चाल लंगडी.
तिथं थांबून भुंकली, उशिरापर्यंत,
टोपल्यातली तिघं मान वर करून ऐकत होती.
काचेआडचं पिल्लू
मागं वळलं नाही.

निघताना आप्पा चहा देत म्हणाले,
"हिच्या ह्या धाकटीचं नाक बघून ठेवा की जरा."
मी टेप काढला.
तिसऱ्यापासून धरला.
तिनं माझं बोट चाटलं, मग चावलं,
दुधाच्या दातांनी, खोलवर,
आणि मी चुकीचा आकडा सांगितला,
दोन जास्त.