ओल्या पावलाचं माप

बस, लेतेकिदान. सायकल भिंतीला टेकव
आणि ते खोकं इकडे दे.
स्टॉकहोमच्या मामानं पाठवलेत म्हणतेस,
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांतून;
एक बूट डिसेंबरात पोचला, दुसरा थेट मार्चमध्ये.
देखणे आहेत. तळ नखासारखा कडक,
तबकडी फिरवली की तार आवळते,
खाली तीन भोकं, क्लीट बसवायला.
पण नंबर एक्केचाळीस.
आणि तू अडतीस.

दोन मोजे घालीन म्हणतेस. कागद कोंबीन म्हणतेस.
कोंब.
मग नेफासितच्या उतारावर,
जिथे ढग रस्त्याच्या खाली असतात,
बूट एक वळण घेईल आणि पाय दुसरं.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्याला कळतं, खरं,
पण गुडघ्याला ते दहा वर्षांनी कळतं.
हा ऐक माझा डावा. जिना उतरताना
तव्यावर कॉफीच्या बिया तडतडाव्यात तसा वाजतो.
आमच्या वेळी चामड्याचे पट्टे, आणि गुरू नेगासी:
पाऊल नाकाच्या रेषेत हवं, म्हणजे हवं.
माझं जन्मापासून बाहेर वळलेलं, बदकाचं.
सात हंगाम मी ते सरळ दाबून धरलं.
पाऊल काही सरळ झालं नाही.
गुडघा वाकडा झाला.

आणि पडलो कुठे? शर्यतीत नाही.
रविवारी सकाळी, ताडांच्या रांगेखाली,
ओळखीचं कुणी दिसलं म्हणून थांबलो.
चाक थांबलं, पट्टा सुटेना,
आणि मी उभ्याचा आडवा, सावकाश,
पोतं कलंडावं तसा,
मकियातोचे कप धरलेल्या सगळ्या टेबलांसमोर.
अजून हसतात.
त्यातली एक तर हसता हसता माझ्याशी लग्न करून बसली.

आता बरं आहे, टाच बाहेर झटकली की सुटका.
पण आधी भिंत धरून शंभरदा झटकायची.
शंभर म्हणजे शंभर. मी मोजणार.

तुझ्या पायात आत्ता काय आहे? शिदा.
लाजतेस कशाला?
हीच प्लास्टिकची चप्पल घालून तुझी आत्या
आठ वर्षं डोंगरात होती;
पट्टा तुटला की तापल्या सुरीनं डागायची.
चौकात पुतळा उभा आहे तो माणसाचा नाही, चपलेचा.
तिला चपटं पेडल पुरतं,
मेदेबेरच्या लोहारानं दात काढून दिलेलं:
पाय हवा तिथे ठेव, हवा तेव्हा उचल.
शाळा, पाण्याचे डबे, दांडीवर धाकटा भाऊ,
सगळं होतं त्यावर.
चढावर पाय वर ओढता येत नाही एवढंच.
आणि तुला ओढायचंय. दिसतंय मला.

मग असं कर.
पोस्टातल्या हब्तेअबला एक्केचाळीस बसतो.
त्याच्या बायकोचे अडतीस पडून आहेत,
दोन हंगाम वापरलेले, टाच झिजलेली,
पण तळ जरा लवतो, क्लीट खाचेत लपते,
उतरून चालता येतं.
रंग जांभळा.
तोंड वाकडं करू नकोस.
अंथरूण पाहून पाय पसरावेत,
बूट मात्र पाय पाहून.

शिदा काढ. बादलीत पाय बुडव
आणि फरशीवर चाल, दारापर्यंत.
नेहमीसारखं चाल ना, कवायतीतलं नको.

हं.
उजवं सरळ.
डावं बघ, करंगळीकडे झुकलंय,
आणि मधली कमान इतकी उंच
की मुंगी खालून कोरडी निघून जाईल.
कुणी सांगितलं होतं तुला कधी?
मलाही नव्हतं.

म्हणजे क्लीट इथे, अंगठ्याच्या मुळाच्या जरा मागे,
आणि थोडी तिरपी, हे पाऊल म्हणतंय तशी.
बाजूला हो, सावली पडतेय.
या उंचीवर पाणी थांबत नाही.
टाच गेलीच बघ.
खडू कुठाय,
दे, लवकर.