चमचा आडवा ठेवेपर्यंत

चारलाच अंधारलं.
दोरीवरचे कपडे काढायला गेले तर
वहापची लोकरीची विजार फळीसारखी कडक,
दोन्ही पाय ताठ, पोटात वारा गोठलेला.
काखोटीला मारून आणली,
उंबऱ्यावर आपटली, बर्फाचा भुगा झडला,
आणि भिंतीला टेकवून उभी केली
शेगडीपासून दोन हातांवर.

उभी राहिली की खरंच!
कमरेच्या वर कुणीच नसलेला पाहुणा.
"बसा," म्हटलं मी.

एर्झुरूममध्ये हिवाळ्यात घराला एकच खोली असते.
बाकीच्या असतात, पण थंडीच्या ताब्यात;
एप्रिलात परत मिळतात, कधी मेमध्ये.
या एका खोलीत मग सगळं येतं :
गाद्या, लोणच्याची बरणी, शिवणयंत्र,
नळ फुटेल म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या,
आणि मी.
मला आवडते ही अडचण.
हात लांब केला की हवं ते लागतं हाताला.

संत्र्याची साल शेगडीच्या पत्र्यावर ठेवली.
कडा आत वळल्या, तेल चुरचुरलं,
आणि खोलीत तो वास.
कुणाला सांगू नका,
पण संत्रं मी सालीसाठीच घेते.

शेजारच्या सेहेरचा तुनाहान आला, कांदा मागायला.
विजारीकडे बघत राहिला.
तोवर तिचे गुडघे सैल पडले होते.
"मुनीबेकाकी,
काका बसतायत की उठतायत?"
त्याला दोन कांदे दिले.
एक मागितलेला, एक प्रश्नाचा.

सातला वीज गेली.
रेडिओवर उद्याचं हवामान सांगणारी बाई
वाक्याच्या मधेच गेली.
बरं झालं. उद्याचं आजच कळून
कुणाचं भलं झालंय?
शेगडीच्या दाराच्या फटीतून
एक तांबडी रेघ छतावर गेली,
तिच्या उजेडात मोज्याची टाच रफू केली,
चुकली असेल, बुटात कोण बघतंय.

मग लांबून साखळ्यांचा आवाज.
डोंगरातल्या रस्त्यावरचा बर्फ दिवसभर ढकलून
वहापची गाडी वळणावर येते तेव्हा
आधी किटलीचं झाकण थरथरतं,
मग माझ्या कानाला कळतं.

आला. मिशीत बर्फाच्या सुया.
काही बोलला नाही.
शेगडीपाशी उभा राहिला, ताठ,
हातमोजे तसेच, वाफ निघायला लागली.
मी पाहत होते.
आधी खांदे उतरले.
मग कमर.
मग गुडघे, हळूहळू,
आणि तो खाली बसला
कधीच्या बसलेल्या विजारीशेजारी.

मी इतकी हसले की टाका सुटला.
"काय झालं?"
"काही नाही. रस्ता झाला का मोकळा?"
"झाला. सकाळपर्यंत पुन्हा बुजेल."
हे तो बावीस वर्षं सांगतोय,
आणि दरवेळी जणू आजच लागलेला शोध.

चेस्टनट अकरा होते.
मुद्दाम विषम घेते मी.
पाच त्याचे, पाच माझे, शेवटच्यावरून भांडण.
त्यानं तो फोडला, बोटं पोळली, फुंकर मारली,
दोन तुकडे केले
आणि मोठा स्वतःच्या तोंडात टाकला, खुशाल.

मग चहा.
साखरेचा खडा दाताखाली धरायचा,
कोरा चहा त्याच्यावरून जाऊ द्यायचा,
खडा पुरवायचा, चावायचा नाही.
वहापचा एक खडा दोन पेले जातो,
माझा पहिल्या घोटालाच कडकन फुटतो.

चौथ्या पेल्यावर त्यानं चमचा आडवा ठेवला.
आमच्याकडे याचा अर्थ : पुरे.
पहाटे पाचला निघायचंय त्याला.
मी किटली खाली ठेवणार होते,
इतक्यात छपरावरून बर्फाचा मोठा लगदा घसरला,
अंगणात धप्प.
दोघंही गप्प राहिलो, तो आवाज संपेपर्यंत,
आणि संपल्यावरही थोडा वेळ.

वहापनं चमचा उचलून बशीत ठेवला.
"भर," म्हणाला.

विजार अजून ओलसर आहे.
सकाळपर्यंत वाळेल.