किल्ली

नवी पेठेत मे महिना. गादीवर इरकलींचा ढीग,
आणि पोरगी पाय आवळून उभी.
आई ओशाळलेली; एकही साडी पटली नव्हती.
शेठ म्हणाले, गिऱ्हाइकांसाठी नाहीये हो,
पुढं चौकात आहे.
पुढं म्हणजे केवढं ऊन, ते पंख्याखाली बसून कळत नाही.

एकोणीस वर्षं मी ही किल्ली मागते,
दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा नको म्हणून
पाणीच कमी पिते.

आज विचारलं नाही. उचलली.
चादरींच्या गठ्ठ्यांमधून तिला मागं नेलं.
आतली कडी तुटकी, म्हणून दार धरलं.
दुकानातून हाक आली: नागमणी!
दुसरी आली.

पोरगी बाहेर आली, हात फ्रॉकला पुसत,
म्हणाली,
आता तुम्ही जा. मी धरते.