ओल्या फडक्याची नोंद

भिंत काचेची आहे, सहा मीटर.
दिवसा शाळेची पोरं तळवे टेकतात
आणि तळव्याखाली मासे जमतात,
उजेडाचे. हात काढला की विरतात.
फेमकेनं, जिनं ही भिंत रचली,
दाराशीच लिहून ठेवलंय : कृपया हात लावा.

मी नोंदी वाचतो. माझं काम तेवढंच.
किती हात, किती सेकंद, केवढा ठसा.
आणि रोज पहाटे, साडेतीन-चारच्या सुमारास,
अख्खं लिंत्स निजलेलं,
डॅन्यूबवरचं धुकं दाराच्या काचेपर्यंत आलेलं,
तरी शेकडो स्पर्श. बारीक, तिरपे,
खाली घसरत जाणारे.
रॉटरडॅमहून फेमके लिहिते :
भुताचे स्पर्श आहेत, गाळून टाक.
सेन्सरचा उंबरठा वाढव.

वाढवण्याआधी एक रात्र थांबलो.

हास्निया आली. बादली, जाड पिवळे रबरी मोजे.
दिवसभराचे चिकट हात पुसू लागली.
फडक्यातून ओघळल्या थेंबांमागे
मासे धावत होते, थेट फरशीपर्यंत.
तिच्यामागे एकही नाही.
रबराच्या आत कोण आहे, काचेला कळत नाही.
दोन हिवाळे ती रोज येतेय
आणि भिंतीच्या लेखी नुसतं पाणी येऊन जातं.

म्हटलं, मोजा काढून बघा की.
ती हसली. "हात उमटला तर पुसायचा कुणी?"
मग काढलाच, बोटं दाखवली : ब्लीचनं गुळगुळीत,
रेषा गेलेल्या. फोनसुद्धा ओळखत नाही, म्हणाली,
झेनित्साला बहिणीशी बोलायचं तर
एकेक आकडा दाबून आत शिरावं लागतं.
काचेला रेषा लागत नाहीत, मी सांगू लागलो,
तिला फक्त अंगातलं पाणी—
आणि गप्प बसलो. फारच शहाणपण वाटलं.

तिनं बाही वर केली.
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं
तसं कोपर टेकवलं.
"गार आहे," म्हणाली.

मासे आले. आधी दोन. मग
मला मोजता आले नाहीत.

तीन बावन्न. एक स्पर्श, अकरा सेकंद.
आकार : अनोळखी.
चूक म्हणून वगळू का, पडदा विचारतो.

सकाळी फेमकेला कळवलं, उंबरठा होता तिथेच आहे.
तिनं कारण विचारलं. मी लिहिलं : ओल.

काचेच्या उजव्या कडेला, कमरेच्या जरा वर,
एक धूसर गोल राहून गेला होता.
मुद्दाम ठेवला की नजरचुकीनं,
विचारलं नाही.