नमुना सही

सकाळी साडेपाचला बोटं माझी नसतात.
कुणाकडून उधार आणलेली, रात्रभर पावसात राहिलेली
दहा लाकडं उशीच्या कडेला.
मी एकेकाला हाक मारते.
करंगळी आधी ओ देते, अंगठा सगळ्यात शेवटी.
तोवर खाली दांडिया बाजारात
दूधवाल्याची स्कूटर येऊन गेलेली असते.

गरम पाण्याचं पातेलं. मनगटांपर्यंत हात.
वाफेत मिनिटं मोजायची.
काल पस्तीस, परवा पन्नास.
वहीत लिहीत जा, डॉक्टर अमीन म्हणाले,
लिहिलं की दुखण्याला शिस्त लागते.
त्याला काही लागली नाही अजून.
मला थोडी.

बावीस वर्षं मी सह्या जुळवल्या,
रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेत, काचेमागे.
चेकवरचा र, कार्डावरचा र,
वेलांटीचा कल, शेवटची रेघ कुठे तुटते.
शंका आली की परत.
एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चेक तीनदा परत केला.
कापऱ्या हातानं काच धरून ते म्हणाले,
बेन, हुं ज छुं. अहो, मीच आहे.
मी म्हटलं, काका, नियम आहे.

आता माझ्या रक्तात कुणीतरी तसंच बसलंय,
नाकावर चष्मा, प्रामाणिक, रजा न घेणारं,
आणि माझेच सांधे मला परत पाठवतंय:
जुळत नाही.
जुळत नाही.
रागवू तरी कशी,
काम ओळखीचं आहे.

रविवारी रात्री पिवळ्या गोळ्या,
सोमवारभर तोंडात पत्र्याची चव,
मंगळवारी दुपारी पुन्हा माणूस.
दहाला झोपायचं. मैदा बंद.
कुंजलताबेन म्हणतात मेथीदाणे,
नणंद म्हणते वांगं सोड,
दीर म्हणतात, वहिनी, तुम्ही विचार फार करता.
वांगं सोडलं.
विचार कोथिंबिरीसारखे, न मागता
कुणीतरी पिशवीत टाकतंच.

एका शुक्रवारी सेव-उसळ खाल्ली,
उभ्यानं, तर्री दोनदा मागून, चार पाव.
वहीत लिहिली नाही.
शनिवारी लिहिली, तारीख शुक्रवारची घालून,
पुढे कंसात: फार छान होती.

यशोधन कामावर निघण्याआधी
सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवतो.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
साखरेला मुंग्या लागतात.
लागू देत.

पहिल्या महिन्यात कमाटी बागेत
फुलांच्या घड्याळापर्यंतच जमायचं.
काटे चालायचे, मी बाकावर.
मग बॅन्डस्टँड. मग एक दिवस पुलापर्यंत.
कठड्याला टेकून खाली बघितलं,
विश्वामित्रीचं पाणी गढूळ, गप्प.
शेजारचा माणूस नातवाला सांगत होता,
मगर दिसत नाही म्हणजे नाही असं नाही,
पण म्हणून काय पूल ओलांडायचा नाही का?
नातवाला मगरच हवी होती.
मी तिथूनच परत फिरले,
पूल दुसऱ्या दिवशी ओलांडला.
तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, अंथरुणात.
वहीत तिन्ही दिवस आहेत.

गेल्या महिन्यात माझाच चेक परत आला.
माझ्याच काचेमागे नवी मुलगी,
बिल्ल्यावर नाव धर्मिष्ठा.
बेन, सही मळती नथी.
जुनं कार्ड तिनं समोर धरलं:
वृंदा चिटणीस, एका दमात ओढलेली,
वृ कसा ताठ, पदर खोचून उभा.
कोण होती ही बाई?
मी तिला ओळखलं,
तिनं मला ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही.

नवीन कार्ड. तीन चौकोन.
पेन मुठीत धरून तीनदा सही केली,
तीन वेगवेगळ्या बायकांनी करावी तशी.
मी असते तर परत पाठवलं असतं.
धर्मिष्ठानं कार्ड बघितलं,
मग बोटं बघितली,
मग पुन्हा कार्ड.
शिक्का मारला. म्हणाली,
हवे आ ज चालशे.
यापुढे हीच चालेल.

बाहेर ऊन होतं.
टॉवरपर्यंत चालत गेले,
मग रिक्षा केली.